जोतिबाचा डोंगर आणि विज्ञानाचें पुस्तक

पदार्थाच्या अवस्था कोणत्या, असा प्रश्न वर्गांत विचारला, तर ‘घन, द्रव व वायु’ हें उत्तर बहुतेक विद्यार्थी एका दमांत देतात. परंतु ओलें फडकें गुंडाळलेल्या मडक्यांतील पाणी थंड कां होतें, असें विचारतांच वर्ग गप्प होतो. विद्या जिभेवर आली, पण डोळ्यांत उतरली नाहीं, असाच ह्याचा अर्थ. विज्ञानाचे पहिले धडे भोंवतालच्या सृष्टींतून दिले पाहिजेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि कोल्हापूरकरांस त्यासाठीं जोतिबाच्या डोंगरापलीकडे जाण्याचें कारण नाहीं.

डोंगराचा काळा पाषाणच पाहा. हा बेसॉल्ट सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तप्त द्रवरूपानें भूगर्भांतून वर आला व निवून घन झाला. समुद्रकांठीं पाणी 100 अंश सेंटिग्रेडवर उकळतें. सुमारें 3,100 फूट उंचीच्या ह्या माथ्यावर हवेचा दाब कमी, म्हणून तें सुमारें 97 अंशांवरच उकळतें, आणि उघड्या भांड्यांतील डाळ थोडी उशिरा शिजते. चैत्री पौर्णिमेस सासनकाठ्यांवर उधळलेला गुलाल धुरासारखा तरंगतो, तरी तो वायु नव्हे. त्याचा कण न् कण घनच असतो. नाकांतील केस व ओलसर अस्तर तो अडवितात आणि शिंक त्यास बाहेर लोटते. दमेकऱ्यांस मात्र त्यापासून जपावें.

परंतु सर्वांत मोलाचा धडा घामाचा होय. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता एक ग्रॅम घाम वाळतांना खर्ची पडते, व ती मुख्यतः शरीरांतून जाते. ह्याच युक्तीनें चैत्राच्या उन्हांत चढणाऱ्या यात्रेकरूचें शरीर 37 अंशांच्या जवळपास राहतें. मात्र घामास पाणी हवें, आणि तो वाळण्यास वारा हवा. अंगांतील पाणी आटलें किंवा दाटींत वारा कोंडला, म्हणजे ही व्यवस्था ढांसळते. मनुष्य बरळूं लागला, त्याचें अंग तापलें, तर तो उष्माघात समजावा; त्यास सावलींत न्यावें, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व तत्काळ डॉक्टरांकडे पोहोंचवावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें.

बाष्पीभवनाची व्याख्या तोंडपाठ असूनही ज्यास शेजारच्या मूर्च्छिताचे प्राण राखतां येत नाहींत, त्याचे परीक्षेंतील गुण काय कामाचे? विद्यार्थ्यांनो, पुस्तक अवश्य वाचा. पण वाचलेलें डोंगरावर, चुलीपाशीं व स्वतःच्या देहांत पडताळून पाहा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मूल ‘कां?’ असें विचारील तेव्हां त्यास दटावूं नका. उत्तर ठाऊक नसल्यास त्याच्यासह शोधा. त्या एका शब्दांतच साऱ्या विज्ञानाचें बीज आहे.