आधी पदवी कुठे?



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास निघतो. पोराला परदेशात पाठवायचे की इथेच शिकवायचे? पूर्वी हा प्रश्न मोठ्या साहेबांच्या बंगल्यात निघायचा, आता तो सातपूर, नाशिकरोडच्या दोन खोल्यांतही निघतो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आनंदाच्या भरात गावाकडची जमीन गहाण पडते तेव्हा थोडे थांबावे लागते.

'बाबासाहेब नाही का गेले?' असे लगेच म्हटले जाते. गेले, पण कसे गेले ते बघा. बी.ए. त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून केले. 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते पुढच्या पदवीसाठी, आणि तेही बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड! त्याबदली दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार सही करून दिला होता. 1916 साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी मात्र चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी केली, पै-पै साठवली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे कर्ज त्यांनीही काढले. पण केव्हा? एम.ए. पदरात पडल्यावर, पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाल्यावर आणि विद्यापीठाचे दार उघडे आहे याची खात्री करून!

देवळाली गावातल्या एका ताईंनी परवा मला विचारले, "भाऊ, एजंट म्हणतो पोरीला बारावीनंतर लगेच पाठवा, कर्ज बँक देते. पाठवू का?" आम्ही कारकून माणसे, आधी आकडेमोड करतो. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. परदेशातल्या तीन-चार वर्षांच्या पदवीचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. ताईंकडे तारण म्हणजे राहते घर. एजंटाला त्याचे कमिशन मिळेल, हप्ते कोण भरणार? मी स्पष्ट सांगितले, आत्ता नको.

'कधीच नको' असे मात्र मी म्हटले नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या 125 जागा आहेत, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75 जागा अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहेत. दोन्हींना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आणि दोन्ही आहेत त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी! बारावीनंतर कर्ज काढून गेलेल्या मुलाला यातले काही मिळत नाही, इथे चांगल्या गुणांनी पदवी घेतलेल्याला मिळू शकते. केंद्राने 2022 साली एक खोडी मात्र करून ठेवली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांवरच्या संशोधनाचे विषय त्या योजनेतून वगळले. कोलंबियात शिकताना 1916 साली बाबासाहेबांनी निबंध वाचला तो भारतातील जातींवर, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पदवी इथे घेणे म्हणजे कमीपणा, ही समजूत तर काढूनच टाकली पाहिजे. मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्या नाशकातच आहे. कंपनीत पाळी करून तिथून पदवी घेतलेले कितीतरी जण आपल्यात आहेत. पुढे जायचे असेल त्याने पदवीच्या पहिल्या वर्षापासून इंग्रजी वाचनाची सवय लावावी आणि शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच परदेशी विद्यापीठांचे अर्ज काढावेत, कारण शिष्यवृत्तीला आधी प्रवेशपत्र दाखवावे लागते. अर्जाची, इंग्रजीच्या परीक्षेची फी खिशातूनच जाते. ती विहारातल्या मंडळाने उचलली तर जयंतीच्या दोन फ्लेक्सचा खर्च कारणी लागेल.

आणखी एक. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण केंद्राच्या योजनेला दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. तो आणि जात वैधता प्रमाणपत्र पदवी चालू असतानाच काढून ठेवावे. ताईंच्या मुलीने नाशकातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. दाखल्याचा अर्जही भरून झाला, आता आजोबांच्या शाळेतला जुना उतारा तेवढा मिळायचा आहे.