काचेच्या टाकीतलं कासवाचं पिल्लू काय सांगतंय?

मंडळी, आज पाणी, कचरा, खड्डे यांपैकी काही नाही. विषय लहान वाटेल, पण आपल्या एव्हरशाईन सिटीतल्या काही घरांत तो टाकीत फिरतोय.

सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून विचारणा होते. "मुलांसाठी कासवाचं पिल्लू आणलंय, दिवसभर काचेवर पाय मारतं, काय करू?" किंवा "दोन दिवस डोकंच बाहेर काढत नाही." खाली उत्तरं येतात: रुसलं असेल, घाबरलं असेल, थंडीत झोपतात ते, काकडी द्या.

पहिला घोळ आपल्या भाषेतच आहे. इंग्रजीत जमिनीवरच्याला टॉर्टॉइज आणि पाण्यातल्याला टर्टल म्हणतात. आपण दोघांनाही कासव म्हणतो आणि कासव म्हटलं की पाणी. त्यामुळे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव, जे कोरड्या झुडपी रानात चारा खाऊन जगतं, ते बादलीत ठेवलं जातं. त्याला पोहता येत नाही. ते हातपाय मारतं आणि आपण म्हणतो, बघा किती खेळतंय!

आता वागणुकीचं बघू. काच ही अडचण आहे, हे पिल्लाला कळत नाही. पलीकडचं दिसतं, म्हणून ते तिथे जायला बघतं, तासन्‌तास. लपून बसणं तर त्याचा स्वभावच. रानात कावळा, मुंगूस टपलेले असतात. लपतं तेच वाचतं. लपायला जागा न देता पिल्लू चार पोरांच्या हातांतून फिरवलं, तर ते डोकं आत घेणारच.

कासवाच्या अंगाची ऊब बाहेरच्या उबेवर चालते. एसीच्या खोलीत ते गार पडतं, खाणं सोडतं, पोटातलं पचत नाही. आपण समजतो झोपलंय. कवच मऊ लागत असेल, तर कॅल्शियम आणि ऊन कमी पडतंय. खिडकीच्या बंद काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण हाडांना लागणारे किरण काच अडवते. नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून श्वास घेणं, पाण्यात एका अंगाला कलून तरंगणं ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं असू शकतात. डोळे सुजलेत, तर बऱ्याचदा नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवल्यामुळे अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. अशा वेळी ग्रुपवर विचारत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

पण गोची इथेच आहे. तारा कासव असेल तर माणूस डॉक्टरकडे जायलाच घाबरतो. कारण ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तारा कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. पावसाळ्यात शेतात, नाल्यात सापडणारं मऊ पाठीचं देशी कासवही याच अनुसूचीत. वास्तू, लक्ष्मी, 'वीस नखी' असल्या भाकडकथांपायी ही जनावरं पोत्यांतून विकली जातात. घरात शुभ हवंच असेल, तर पितळेचं ठेवा की!

दुकानात मिळणारं हिरवट पिल्लू, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, हे अमेरिकेतलं. नाण्याएवढं आणता, वाढून ताटाएवढं होतं आणि 20-30 वर्षं जगू शकतं. मग टाकी पुरत नाही, वास येतो आणि एका संध्याकाळी 'मोकळं सोडलं' म्हणत ते तलावात जातं. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 उपऱ्या जातींत याची गणना होते. युरोपियन युनियनने 1997 मध्येच त्याची आयात बंद केली. आपल्या तलावांतल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा ते खातं. ही भूतदया नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला, जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. किनाऱ्यावर आलेल्या कासवासाठी लोक धावतात, वनखातं धावतं. बाल्कनीतलं कासव मात्र भीतीपोटी लपून मरतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. वनखात्याने वसई-विरारसाठी ठरावीक मुदत जाहीर करावी: घरातलं कासव आणून द्या, त्या मुदतीत आणणाऱ्यावर कारवाई नाही. परदेशी प्राण्यांसाठी केंद्राने 2020 मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची अशी सवलत दिली होतीच. पकडायचंच असेल तर पुरवठा करणाऱ्याला पकडा. आणि 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला नोंदणी लागते. ती किती दुकानांकडे आहे, हे प्रशासनाने तपासून लोकांसमोर ठेवावं. कायद्याचा धाक फक्त आठवीतल्या पोराच्या बापाला आणि विकणारा मोकळा, हे चालणार नाही.

तोवर आपण काय करायचं? कासव विकत घेऊ नका. पावसात रस्त्यावर सापडलं तर घरी नेऊ नका, वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. लाल पट्टेवालं घरी असेलच, तर मोठी टाकी, बसायला कोरडी जागा, थेट ऊन द्या आणि शेवटपर्यंत सांभाळा. तलावात टाकू नका.

पोरांचा हट्ट असतो, मान्य. पण त्यांना हेही सांगा की ते काचेवर पाय मारतंय ते खेळ म्हणून नाही. पोरांना पटकन कळतं. मोठ्यांनाच वेळ लागतो.

आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि कोणतं दुकान काय विकतंय हे माहीत असेल तर कमेंटमध्ये नाव लिहू नका, मला मेसेज करा. खातरजमा करून बातमी करू.