‘येतों’ म्हणून निघावें

आपल्या घरांतून कोणी प्रवासास निघाला म्हणजे तो ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. आणि चुकून ‘जातों’ म्हणालाच, तर वडील माणसें त्यास तेथल्या तेथें दुरुस्त करितात. अमेरिकेच्या आर्टेमिस मोहिमेच्या निमित्तानें चंद्रप्रवासाच्या गोष्टी घरोघरीं पुन्हा निघूं लागल्या, तेव्हां आम्हांस या रिवाजाची आठवण झाली. कारण त्या प्रवासांत जाण्यापेक्षां येणेंच बिकट.

चंद्राभोंवतीं माणसांचा पहिला प्रवास १९६८ सालीं झाला. २१ डिसेंबर रोजीं फ्रँक बोरमन, जेम्स लव्हेल व विल्यम अँडर्स हे तिघे ‘अपोलो ८’ यानांतून निघाले. जानेवारी १९६७ मध्यें जमिनीवरील चांचणींतच यानास आग लागून तीन अंतराळवीर प्राणांस मुकले होते. ती जखम ओलीच होती. त्यांतून चंद्रावर उतरावयाचें लहान यान वेळेवर तयार झालें नाहीं, म्हणून त्याच्यावांचूनच जावें असें ठरलें. यामुळें चंद्राची कक्षा सोडून परत येण्यास मुख्य इंजिन तेवढें एकच उरलें. चंद्राभोंवतीं दहा फेऱ्या झाल्यावर तें चालू व्हावयाचें, आणि तेंही चंद्राच्या पलीकडे, जेथून पृथ्वीशीं बोलतां येत नाहीं. तें चालू झालें नसतें, तर तिघे तेथेंच फिरत राहिले असते. ही भीति पोकळ नव्हती. एप्रिल १९७० मध्यें ‘अपोलो १३’ ची प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हां लव्हेल व त्यांचे दोघे सोबती त्या लहान यानाच्याच आश्रयानें जिवंत परतले.

यानाशीं चाललेलें संभाषण घरच्यांस ऐकूं यावें म्हणून ह्यूस्टन येथें अंतराळवीरांच्या घरीं एक पेटी बसविलेली असे. यान चंद्राआड गेलें कीं तिच्यांतून त्यांचा आवाज येणें बंद होई. नाताळची मध्यरात्र नुकतीच उलटली असतां ती शांतता संपली आणि लव्हेल यांचा आवाज आला. इंजिन चाललें होतें! २७ तारखेस तिघेही प्रशांत महासागरांत सुखरूप उतरले.

अँडर्स यांनीं टिपलेलें पृथ्वीच्या उदयाचें छायाचित्र जगानें पाहिलें. त्या पेटीसमोर बसलेल्या बायकामुलांचें धैर्य मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. लव्हेल यांस तें होतें. चंद्रावरील एका डोंगरास त्यांनीं आपल्या पत्नीचें, मॅरिलिन यांचें, नांव दिलें, आणि २०१७ सालीं खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघानें तें मान्यही केलें.

‘आर्टेमिस २’ ची वाट आंखतांना, चंद्रामागून वळसा घेतल्यावर त्याच्याच ओढीनें यान पृथ्वीकडे वळावें, अशी योजना करण्यांत आली. म्हणजे ‘येतों’ हा शब्द तेथें गणितांतच घातलेला! मुलांस चंद्रवीरांच्या गोष्टी सांगतांना एवढें अवश्य सांगावें, कीं निघणाराचें धैर्य मोठें खरेंच. पण ‘ये’ म्हणून त्यास निरोप देणारांचेंही कांहीं कमी नसतें.