दीड लाख किलोमीटर झाले म्हणून गाडी काढू नका

धंदा जरा चालायला लागला की पहिला विचार येतो, "जुना टेम्पो देऊन टाकू, नवा घेऊ." माझं मत स्पष्ट आहे: इंजिन आणि चेसिस धड असेल तर थांबा.

साधा हिशोब करा. समजा गाडी महिन्याला २,००० किलोमीटर चालते. किलोमीटरमागे १ रुपया बाजूला टाकला तर वर्षाला २४,००० जमतात. नव्या गाडीचा हप्ता १२,००० धरला तर वर्षाला १,४४,००० जातात. आणि हप्ता मंदी बघत नाही. गाडी उभी असली तरी तो भरावाच लागतो.

पण जुनी गाडी सांभाळावी लागते. ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदला. ओझं, धूळ जास्त असेल तर त्याआधीच. मधेमधे डिपस्टिकने लेव्हल बघा, जुनं इंजिन ऑइल खातं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंटच भरा. नाहीतर आत गंज आणि क्षार धरतात, गाडी तापते आणि हेड गॅस्केट जातं. टायमिंग बेल्ट असेल तर वेळेवर बदला. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. ब्रेकच्या कामात तर चालढकल नाहीच.

एक वही करा: तारीख, किलोमीटर, काम, खर्च. दुरुस्ती सलग सहा महिने हप्त्याच्या बरोबरीला आली, किंवा चेसिस गंजली, तर बिनधास्त विका. पण हा निर्णय वही बघून घ्यायचा, शेजाऱ्याची नवी गाडी बघून नाही.