रोहिताचा रंग आणि वालधुनीचे पाणी

कार्तिक सरत आला की ठाण्याच्या खाडीत दूरचे पाहुणे उतरू लागतात. उंच पाय, नागमोडी मान आणि पंख उघडताच ज्वाळेसारखी उजळणारी लाली. म्हणूनच मराठीने या पक्ष्याला ‘रोहित’ आणि ‘अग्निपंख’ अशी दोन सार्थ नावे दिली. ऐरोलीहून नावेत बसून त्यांचे थवे पाहणे हा आता अनेक कुटुंबांचा हिवाळी कार्यक्रम झाला आहे. वृत्तपत्रांतून त्यांची छायाचित्रे झळकतात, त्यांच्या नावाने नगरे मिरवतात. मात्र तेथून काही कोसांवर असलेल्या उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये ही छायाचित्रे परक्या मुलखाची म्हणूनच पाहिली जातात. या पक्ष्यांशी कॅम्प ५ चा संबंध तो काय, असा प्रश्न कोणी केला, तर उत्तर एका शब्दाचे आहे : वालधुनी.

हे उत्तर समजून घेण्यासाठी आधी रोहिताचे जीवन समजून घ्यावे लागते. ठाण्याच्या खाडीत त्याच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित चिखलातील कोळंबीसारखे बारीक जीव, अळ्या आणि लहान शिंपले टिपतो. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. दोघांचीही खाण्याची रीत विलक्षण आहे. मान वाकवून रोहित डोके उलटे करतो आणि चोच पाण्यात बुडवतो. त्याची जाड जीभ भात्यासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते व बाहेर टाकते. चोचीच्या कडांवरील केसांसारख्या दातेरी जाळीत अन्न अडकते. दिवसाचे कित्येक तास हे गाळणे अखंड चालू असते. थोडक्यात, रोहित म्हणजे खाडीचे पाणी गाळून पोट भरणारी एक जिवंत चाळणीच होय.

त्याचा रंगही जन्मजात नाही. पिलू अंड्यातून बाहेर येते ते राखी-पांढरे. शेवाळातील आणि कोळंबीतील कॅरोटिन वर्गाची रंगद्रव्ये आहारातून शरीरात जातात, पिसांत उतरतात आणि काही वर्षांत तो गुलाबी होतो. प्राणिसंग्रहालयात असा आहार मिळाला नाही, तर प्रौढ पक्षीही फिका पडतो. पाणी जे देते, ते रोहिताच्या अंगावर उमटते.

कुटुंबवत्सलतेतही तो मागे नाही. चिखल रचून केलेल्या बुटक्या उंचवट्यावर मादी एकच अंडे घालते. सुमारे महिनाभर नर आणि मादी पाळीपाळीने ते उबवतात. पुढे दोघेही आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा लालसर, दुधासारखा रस पिलाला पाजतात. या काळात आईबापांचा स्वतःचा रंग उतरतो. पिले थोडी मोठी झाली की त्यांचा एकच मोठा मेळा जमतो आणि मोजके प्रौढ पक्षी त्यावर लक्ष ठेवतात. भारतातील त्यांचे मोठे सूतिकागृह कच्छच्या रणात आहे. १९४५ मध्ये डॉ. सालिम अली यांनी तेथील रोहितांच्या वसाहतीचा अभ्यास केला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये मुंबई परिसरातील काही रोहितांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा हे पक्षी येथून गुजरातकडे जातात याला पुष्टी मिळाली. एका पिढीचे पोषण येथे आणि जन्म तेथे, असा हा दोन घरांचा संसार आहे.

मग हे लाखभर पक्षी मुंबईच्या गजबजाटाशेजारी का येतात? याच्या उत्तरातच खरी मेख आहे. महानगराचे सांडपाणी खाडीत नत्र आणि स्फुरद ओतते, त्यावर शेवाळ माजते आणि लहान रोहितांना पंगत मिळते, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये ठाणे खाडीला रोहित अभयारण्याचा दर्जा दिला, २०२२ मध्ये तिचा समावेश रामसर यादीत झाला. हे स्वागतार्हच आहे. पण पक्ष्यांची गर्दी म्हणजे खाडीच्या आरोग्याचे प्रशस्तिपत्र, असा समज करून घेणे आत्मवंचना ठरेल. जी नाली शेवाळाला खत पुरवते, तीच रसायने आणि जड धातूही आणू शकते, आणि चाळणीसारख्या चोचीला अन्न व विष यांतील भेद कळत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले नगराजवळचा कॅम्फर्स डॅम या बाबतीत धडा देणारा आहे. शहराच्या सांडपाण्यामुळे तो जलाशय बारमाही झाला, हजारो लहान रोहित तेथे जमले, २००६ मध्ये त्यांच्यासाठी कृत्रिम बेट बांधण्यात आले आणि तेथे त्यांची वीणही झाली. पुढे शुद्धीकरण यंत्रणा कोलमडली, मैलापाणी प्रक्रियेविना येत राहिले आणि रोहितांनी ते स्थान सोडले. ज्या पाण्याने त्यांना बोलावले, त्याच पाण्याने त्यांना हुसकावले.

आता वालधुनीकडे वळावे. अंबरनाथच्या डोंगरातून निघालेली ही नदी शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हासचा मुख्य प्रवाह वसईकडे जातो, तर एक फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडलेला आहे. खाडीच्या दुःस्थितीचा सारा दोष उल्हासनगरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुंबई, ठाणे आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचा वाटा मोठा आहे. पण म्हणून आपला वाटा शून्य होत नाही.

हा वाटा कशाचा, हे कॅम्प ५ ला ठाऊक आहे. फाळणीच्या आघाताने सर्वस्व गमावलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींतून १९४९ मध्ये हे नगर उभे केले. भीक न मागता उद्योग केला. त्या पुरुषार्थाचेच एक फळ म्हणजे येथील जीन्सचा व्यवसाय. परंतु जीन्सला फिकट, जुनाट रूप देणाऱ्या धुलाईत नीळ, विरंजक आणि पोटॅशियम परमँगनेट यांनी भरलेले पाणी उरते आणि ते वर्षानुवर्षे नाल्यांतून वालधुनीत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत सोडलेल्या रासायनिक कचऱ्याच्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल दंडाचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये शेकडो जीन्स कारखान्यांची वीज व पाणी तोडण्यात आले. हजारो हातांचे काम एका फटक्यात थांबले.

येथे नेहमीचा प्रश्न पुढे येतो : माणसाचे पोट महत्त्वाचे की पक्ष्याचे? हा प्रश्नच फसवा आहे. २०१४ मध्ये गुदमरली ती माणसे होती, रोहित नव्हेत. आणि २०१८ मध्ये रोजगार बुडाला तो पक्ष्यांमुळे नव्हे. वेळीच शुद्धीकरण केंद्र न उभारणाऱ्या उद्योगाच्या आणि प्रशासनाच्या दिरंगाईमुळे बुडाला. कॅम्प ५ च्या बाजारात जीन्स स्वस्त मिळते, कारण पाणी शुद्ध करण्याचा खर्च तिच्या किमतीत धरलेलाच नसतो. तो नदीकाठचा रहिवासी आणि खाडीतला कोळी भरतो. कारखाने केवळ बंद करणे हाही उपाय नव्हे. येथला हौद पुढच्या गावी मांडला गेला, तर नदीला काय फरक पडणार?

उपाय अवघड नाही, इच्छाशक्तीचा आहे. लहान कारखान्यांसाठी सामायिक शुद्धीकरण केंद्र, रात्री फिरणाऱ्या टँकरवर पाळत, घरगुती मैलापाण्यावर पूर्ण प्रक्रिया आणि नदीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे प्रभागाच्या फलकावर, एवढे झाले तरी चित्र पालटेल. त्यासाठी मंडळांनी, शाळांनी आणि व्यापारी संघटनांनी महापालिकेला सातत्याने जाब विचारला पाहिजे.

कॅम्प ५ मधील चालिया मंदिरात दरवर्षी चाळीस दिवसांचे व्रत होते. ते व्रत झूलेलालांचे, म्हणजे जलदेवतेचे. सिंधूतीरावरून विस्थापित झालेल्या समाजाने पाण्याची उपासना परक्या भूमीतही सोडली नाही, ही त्याची थोरवी. ज्या समाजाने जलपूजेचा वारसा एवढ्या निष्ठेने जपला, त्याने दारातल्या वालधुनीला नाला म्हणू नये. नदी पुन्हा नदी झाली, तर तिचा पहिला लाभ काठावरच्या मुलांना होईल. आणि खाली खाडीत डोके उलटे करून पाणी गाळणारा रोहित त्याची नोंद आपल्या पिसांवर ठेवील.