वेळेवर पोहोचलेल्या विमानाचा हिशेब

मुंबई ते दिल्ली हे सरळ हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. उंची गाठल्यावर जेट विमान ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्यातली मंदगती धरली तरी पावणेदोन तास पुरावेत. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असते. वरचा अर्धा तास कसला? वेळापत्रकातली वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. इथले गेट सोडल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, उतरल्यावरचे ताटकळणे आले आणि कंपनीने स्वतःसाठी राखलेली मोकळीकही आली. शेवटच्या दोन स्थानकांमध्ये भरपूर वेळ ठेवून गाडी वेळेत आणण्याची रेल्वेची युक्ती आपल्याला ठाऊकच आहे.

गडबड आहे ती मोजमापात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा वक्तशीरपणाची आकडेवारी देते आणि १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो. पण प्रवासाला किती वेळ लागेल हे आधी कंपनीच ठरवते. मुळातली वेळ सैल केली की सेवा तसूभर न सुधारताही टक्केवारी वाढते. यावर कंपन्यांचे म्हणणे असे की, ही सैलता हाच प्रामाणिकपणा आहे. दिल्लीचे धुके आणि मुंबईची गर्दी लपवून दीड तास छापला तर प्रवाशाचे पुढचे विमान चुकेल. हे खरेच आहे. सरळ रेषेतले अंतर फसवे असते, हेही मान्य. देशाच्या आकाशापैकी ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने मिळते, असे केंद्र सरकारनेच मे २०२० मध्ये सांगितले होते. म्हणजे वळसे आलेच.

पण धुके हिवाळ्यातले आणि वेळापत्रकेही हिवाळी-उन्हाळी अशी वेगळी असतात. मग एप्रिलमधल्या राखीव वेळेचे कारण धुके कसे असेल? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. हे दुखणे सैल वेळापत्रकात झाकले जाते आणि त्याचे इंधन, कर्मचाऱ्यांचे तास, विमानाची हुकलेली फेरी असे सगळे शेवटी भाड्यात येते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्याने गर्दी हलकी झाली, तर तिकिटावरची मिनिटेही उतरायला हवीत. ती उतरली का, हे कळण्यासाठी महासंचालनालयाने प्रत्येक मार्गावरची छापील वेळ, हवेतली वेळ आणि जमिनीवर गेलेली वेळ वेगवेगळी जाहीर करावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. गेट सोडल्याची, चाके उचलल्याची, टेकल्याची आणि गेटला लागल्याची वेळ आधुनिक विमाने आपोआप नोंदवतात आणि कंपन्या ती रोज वापरतात.