दगडाची पुष्पिका

खनिजांचे देखणे नमुने जमवणारा माणूस आपल्याकडे छांदिष्ट तरी ठरतो, नाहीतर चोर. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट परदेशी कपाटात दिसला की 'आपला ठेवा लुटला' असा गळा काढला जातो. हा शोक खोटा आहे. वाघोलीच्या खाणी खडीसाठी खणल्या गेल्या, संग्राहकांसाठी नव्हे. कातळाच्या पोकळीतला तो निळा झुपका कुणी बाजूला काढला नसता, तर क्रशरमधून कुठल्यातरी स्लॅबमध्ये चिणला गेला असता. मीरा-भाईंदरकरांना तर दूर जायला नको. भाईंदरहून चौथे स्थानक कांदिवली. तिथल्या दगडखाणीतले प्रेहनाइट आणि बॅबिंग्टनाइट जगभरच्या संग्रहांत नावाजलेले आहेत, आणि ते उरले ते जमवणाऱ्यांमुळेच.

तेव्हा संग्राहकावर आरोप करायचाच, तर तो चिठ्ठीचा करावा. तांब्याचे निळे खनिज अझुराइट फ्रान्समधल्या शेसी गावी इतके सुरेख सापडले, की त्याला 'शेसीलाइट' म्हणू लागले. नामिबियातली त्सुमेबची खाण १९९६ साली बंद पडली. तिचा अझुराइट आजही खाणीच्या नावानेच ओळखला जातो. आणि आपले? १८३१ साली पुण्यावरून एका खनिजाला 'पूनालाइट' नाव मिळाले. पुढे ते मेसोलाइटच निघाले आणि नाव गळाले. त्याबद्दल तक्रार नाही, शास्त्र असेच चालते. परंतु 'पूना, इंडिया' एवढ्याच चिठ्ठीवर दख्खनचे स्फटिक खपवायचे, याला शास्त्र म्हणत नाहीत. कुठली खाण, कुठल्या साली, काही नाही.

त्याहून वाईट म्हणजे, सुटा झालेला कॅव्हन्साइट दुसऱ्याच पांढऱ्या स्टिल्बाइटवर चिकटवून अस्सल म्हणून विकला जातो. पोथीतल्या प्रक्षिप्त ओव्यांवर हयात घालवणाऱ्या आपल्या अभ्यासकांना हा अपराध समजावून सांगावा लागू नये. तरीही 'रंग तर छान आहे ना!' म्हणून आपणही तो दिवाणखान्यात मांडतो. पाठभेद न तपासता कविता आवडून घेण्याचाच हा प्रकार, असो.

पोथीच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, गाव आणि शक असतो. जुन्या खनिजसंग्रहांच्या चिठ्ठ्यांवर आधीच्या मालकांची नावे मोठ्या अभिमानाने जपलेली असतात, कधीकधी किंमतही. सुरुंगानंतर उघडलेल्या पोकळीत हात घालून तो नमुना न मोडता बाहेर काढणाऱ्या खाणकामगाराचे नाव मात्र त्या चिठ्ठीवर लिहिण्याची रीतच नाही.